लीलाधरआप्पांचा व्हायरस

बऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात केळीशी संबंध नसलेलं घर शोधून सापडायचं नाही, आणि लीलाधरआप्पांचं नाव न ऐकलेला केळीवालाही सापडायचा नाही. आप्पा काही मोठे बागायतदार नव्हेत. थोडी जमीन, एक विहीर, शेतात पत्र्याची खोली आणि गावात ओटा असलेलं घर, एवढाच पसारा. सरपंच झाले नाहीत, कुठल्या समितीवर बसले नाहीत, भाषण तर जन्मात केलं नाही. पण एकदा त्यांनी स्वतःची उभी बाग स्वतःच्या हातानं उपटली, आणि तेव्हापासून गावात त्यांचं नाव निघालं की त्या बागेची गोष्ट निघतेच.

ती गोष्ट सांगायचा हक्क मात्र मालूबाईंचा. मालूबाई म्हणजे आप्पांची बायको. पाहुणा पाणी पिऊन पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच त्या सुरू होतात, आणि आप्पा लाजून चपला शोधायला लागतात. चपला दारातच असतात, तरी त्यांना सापडत नाहीत.

गोष्ट अशी. त्या वर्षी केळीवर व्हायरस आला. बऱ्हाणपूरच्या आसपास हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि तो दवाखान्यातून नव्हे, बागेतून आलेला आहे. माणसांचा कोरोना फार नंतरचा. पोंग्यातून निघणारं नवं पान पिवळ्या रेघा घेऊन येतं, झाड खुरटतं, आणि मावा नावाची बारीकशी कीड या झाडाचा रोग त्या झाडावर नेऊन सोडते. औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटायचं आणि बागेबाहेर नेऊन पुरायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हात कुणाचा उचलत नव्हता. जो तो शेजाऱ्याच्या कुदळीकडे बघत बसला होता.

पहिली कुदळ आप्पांनी मारली. आधी रोगट झाडं, मग त्यांच्या शेजारची, आणि अखेर निम्म्याहून जास्त बाग. काकडीच्या जातीच्या वेलांवर हा व्हायरस दडून राहतो, असं कृषी केंद्राच्या साहेबांनी सांगितलं होतं. म्हणून विहिरीजवळचा मालूबाईंचा गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेलही त्यांनी फुलाफळांसकट ओढून काढला. तो वेल मालूबाईंनी लावला होता, वाढवला होता, त्याची गिलकी त्या अख्ख्या गल्लीत वाटायच्या. त्या दिवशी त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलल्या, पण भांडायलाच.

आप्पांचं बघून बाकीच्यांनीही कुदळी उचलल्या. पुढच्या वर्षी गावाच्या बागा पुन्हा हिरव्यागार उभ्या राहिल्या. बऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेतले दुकानदारसुद्धा मालूबाईंना विचारायचे, "ते बाग उपटणारे आप्पा तुमचेच का?" मालूबाई पदर सारखा करून म्हणायच्या, "आमचेच." अभिमानानं त्यांचा चेहरा उजळायचा. गिलक्याच्या वेलाचं मात्र त्यांनी आजतागायत माफ केलेलं नाही.

या दोघांची एक सवय होती. सकाळचा चहा मालूबाई एकाच बशीत ओतायच्या. अर्धी बशी आप्पा पीत, उरलेली मालूबाई. हे चुलीशेजारी, दार लोटून. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात कपबशी एकच होती, आणि पुढे कपाट भरून कप आले तरी बशी एकच राहिली. सुनेनं, रोहिणीनं, एकदा हसत विचारलं तर मालूबाई म्हणाल्या, "मले निराळी बशी गोड लागत नाही." विषय तिथेच संपला.

दोन वर्षांपूर्वी आप्पांना लघवीचा त्रास सुरू झाला. घडीघडी उठावं लागे, आणि उठून उपयोग नसे. आता हा विषय पुरुष माणूस कुणाशी बोलतो का? पारावर पाऊस, भाव, राजकारण, सगळं चघळतील, पण याबाबतीत दातखीळ. आप्पाही बोलले नाहीत. मालूबाईंनीच एका सकाळी मुलाला, भूषणला, सांगून टाकलं, "तुह्या बापाले गाडीत घाल आन् डॉक्टरकडे ने. लाजून लाजून मरतीन हे." बऱ्हाणपुरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि इंदूरला पाठवलं. तिथे गाठीचा तुकडा काढून बघितला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पण गाठ ग्रंथीच्या आतच होती, बाहेर कुठे गेलेली नव्हती. ऑपरेशन करून ग्रंथी काढली तर माणूस बरा होण्याची चांगली आशा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तारीख दिली.

आप्पांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. घरी आले, हातपाय धुतले, जेवले. मालूबाई स्वयंपाकघरात एकट्याच रडून घेऊन बाहेर आल्या तेव्हा ते म्हणाले, "रडून काय होते, भूषणची माय? काढून टाकतीन म्हंतात ना." आणि दुसऱ्या दिवशी बशीतला चहा नेहमीसारखा प्याले.

बिघडलं ते त्यानंतर. नात भूमिका बऱ्हाणपुरातल्या कॉलेजात शिकते. आजोबांवर तिचा जीव. तिनं मोबाईलवर या आजाराचं जे मिळेल ते वाचायचा सपाटा लावला. एका दुपारी ओट्यावर बसून ती मोठ्यानं म्हणाली, "आप्पा, सुनो ना, इथे लिहिलंय, प्रोस्टेट कैंसर के पीछे वायरस!"

मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. पण प्रश्नचिन्ह कानाला ऐकू येत नाही. आप्पांनी शब्द ऐकला तो एकच, आणि त्या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. पोरगी वाचत राहिली, आणि ते उठून शेताकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांची खाट शेतातल्या पत्र्याच्या खोलीत गेली. ताट, तांब्या, पेला वेगळा झाला. भूमिका जवळ आली की म्हणायचे, "दूर, बेटा, दूर." टिश्यू कल्चरची नवी रोपं लावायची होती, त्यांना हात लावायला नकार दिला. आणि अर्ध्या बशीसाठी मालूबाई चहा घेऊन शेतात गेल्या, तेव्हा त्यांनी बशी नुसती हातानं मागे सारली.

"काय झालं तुमले?" मालूबाईंनी विचारलं.

"व्हायरस हाये मले. भूमिकानं वाचलं. रोगट झाड बागेत ठेवत नाहीत."

"आन् ऑपरेशन?"

"उपटलेल्या झाडाले कोणी फवारा मारते का?" आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, रडगाणं नव्हतं. उलट बाग उपटली त्या दिवशी चेहऱ्यावर होतं तेच शांत तेज होतं. मालूबाईंना भीती वाटली ती त्या तेजाचीच. रडणाऱ्या माणसाची समजूत घालता येते. योग्य तेच करतोय अशी खात्री झालेल्या माणसाचं काय करायचं?

भूषणनं समजावलं, रोहिणीनं समजावलं. भूमिका तर रडून रडून अर्धी झाली. "आप्पा, मैंने पूरा पढ़ा नहीं था, गलती झाली माझी!" असं ती दुरून ओरडायची, आणि आप्पा दुरूनच हात हलवायचे. गावात बातमी पसरायला कितीसा वेळ? लोक म्हणाले, आप्पांना व्हायरसचा कॅन्सर झालाय. काहींना तर त्यांचं कौतुकच वाटलं, बघा, घर वाचवायला माणूस स्वतः बाहेर पडला. बांधाला बांध असलेला कौतिक, आप्पांचा जुना दोस्त, तो रोज तंबाखूला यायचा. त्यानं शेताचा रस्ताच बदलला. मालूबाईंनी ते पाहिलं आणि गिळलं. ऑपरेशनची तारीख जवळ येत होती.

मग एका दुपारी त्यांनी भाकरी बांधली, डोक्यावरून पदर घेतला आणि शेताची वाट धरली. आप्पा खोलीच्या सावलीत बसले होते. मालूबाई समोर उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"भूषणचे बाबा, मी विचारते त्याचं उत्तर द्या. बाग उपटली त्याच्या दुसऱ्या वरसाले, थंडीत, कौतिकभाऊची केळी पिवळी पडली होती. आठवते?"

"आठवते."

"कौतिकभाऊनं काय केलं?"

"कुदळ घेऊन उपटाले निंघाला."

"आन् तुम्ही?"

गोष्ट आप्पांनाही चांगली आठवत होती. त्या वर्षी गावाला व्हायरसची अशी धडकी बसली होती की पान पिवळं दिसलं की माणूस कुदळीला हात घालायचा. कौतिकनं दोन रांगा पाडल्याही होत्या. आप्पा बांधावरून धावत गेले होते आणि त्याची कुदळ त्यांनी वरच्यावर धरली होती. पान हातात घेऊन, उन्हासमोर धरून बघितलं होतं. तो व्हायरस नव्हता. थंडीचा चटका होता. ऊन तापलं तशी बाग सावरली, आणि कौतिकचा माल त्या वर्षी सगळ्यांत उजवा निघाला.

"तुम्ही म्हणाले होते, पान पाह्यल्याबिगर कुदळ उचलू नको," मालूबाई म्हणाल्या. "त्याची कुदळ धरली तुम्ही. तुमची कोण धरीन? तुम्ही तं पान पाह्यलंच नाही. पोरीच्या मोबाईलमधून एक शब्द ऐकला आन् सोताले उपटून घेतलं. मी नाही उपटू देत. मी धरली तुमची कुदळ. आता इंदूरले चाला, डॉक्टरले विचारा, आन् तो म्हने हा व्हायरस हाये, घराबाहेर निंघा, तं मीच तुमची खाट येथी टाकून देईन, आन् माही तिच्याशेजारी."

आप्पा म्हणाले, "विचारून पाहू."

एवढंच म्हणाले. मालूबाईंना तेवढं पुरलं. त्या तिथेच मातीत बसल्या आणि भाकरी सोडली.

इंदूरला मालूबाईंबरोबर भूमिकाही आली. तिथले डॉक्टर तरुण होते, आणि नशीब असं की त्यांचं आजोळ बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातलं. मराठी समजायचे, बोलायचेही. आप्पा खुर्चीत बसले नाहीत. दाराशीच उभं राहून त्यांनी विचारलं, "साहेब, ह्याच्यामांगे व्हायरस हाये का?"

डॉक्टर हसले नाहीत. मालूबाईंना तो माणूस त्याच क्षणी आवडला.

"काका, आधी पक्कं आहे ते सांगतो," ते म्हणाले. "कॅन्सर हात लावल्यानं, उष्टं खाल्ल्यानं, एका घरात राहिल्यानं दुसऱ्याला होत नाही. हे शंभर टक्के. आता व्हायरसचं. काही कॅन्सर व्हायरसमुळे होतात, हेही खरं. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाचा होतो, म्हणून तर मुलींना लस देतात. पण प्रोस्टेटचं अजून सिद्ध झालेलं नाही. शोध चालू आहे. काही ठिकाणी रोग्यांच्या गाठीत व्हायरसच्या खुणा जास्त सापडल्या, काही ठिकाणी सापडल्याच नाहीत, आणि धडधाकट माणसांतही सापडल्या. सापडला म्हणजे त्यानंच केलं, असं होत नाही. चोरी झाली तेव्हा घरात होता म्हणून पाहुण्याला चोर म्हणता येत नाही ना?"

"मंग पेपरवाले काहून लिहितात?"

"शेवटी प्रश्नचिन्ह टाकतात, काका." डॉक्टरांनी भूमिकाकडे बघितलं. भूमिकानं मान खाली घातली. "काही वर्षांपूर्वी तर एक नवा व्हायरस या रोग्यांत सापडला म्हणून जगभर गाजावाजा झाला होता. पुढे कळलं, तो रोग्यांत नव्हताच. प्रयोगशाळेतच तयार झाला होता, आणि तिथून नमुन्यांत मिसळला होता. मग शास्त्रज्ञांनीच ते जाहीर केलं आणि आपलं म्हणणं मागे घेतलं."

आप्पा पहिल्यांदा खुर्चीत बसले. "सोताच सांगितलं? चुकलो म्हणून?"

"हो."

"मंग भरोशाची माणसं हायेत," आप्पा म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "माही गाठ काढल्यावर तिचं काय करता?"

"तपासतो. आणि इथे एक अभ्यास चालू आहे. रोगी हो म्हणाला तर छोटा तुकडा त्यासाठी ठेवतात. व्हायरसच्या खुणाही शोधतात त्यात. पण तुम्हाला त्याचा उपयोग होईलच असं नाही. निकाल कळेलच असंही नाही."

"घ्या," आप्पा म्हणाले. "तुकडा कायले, पुरी गाठ घ्या. केळीचा व्हायरस आला तवा मी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून कृषी केंद्रात नेऊन देत होतो. पाहा, शिका, आन् पुढच्याले सांगा म्हणून. तवा पान दिलं, आता हे घ्या. माह्या नशिबी नाही तं कोणाच्या तरी बागेले कामी पडीन."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मालूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या रडत होत्या, पण दुःखानं नव्हे. या माणसाबरोबर आपण जन्म काढला, याचा त्यांना इतका अभिमान वाटला की तिथल्या सिस्टरला हाताला धरून सांगावंसं वाटलं, आमचेच हे. आणि त्यांनी सांगितलंही. बाहेर आल्यावर त्या बागेची गोष्ट सिस्टरनं उभ्या उभ्या पूर्ण ऐकली. आप्पांनी चपला शोधल्या. त्या पायातच होत्या. मग मालूबाई भूमिकाकडे वळून म्हणाल्या, "आन् तुही ती लस? लागली का? नाही ना? उद्याच विचार." भूमिका "आजी, धीरे बोलो ना!" म्हणत लाल झाली.

ऑपरेशन झालं. नीट झालं. पुढचे दिवस काही सोपे नव्हते. नळी होती, नळी निघाल्यावर लघवीवर ताबा नव्हता, आणि ज्या माणसानं आयुष्यभर कुणाकडून पाण्याचा तांब्याही मागून घेतला नाही, त्याला बायकोकडून कपडे बदलून घ्यावे लागले. आप्पा चिडायचे, मालूबाई ओरडायच्या, आणि दोघांचं बरं चाललं होतं. हळूहळू शरीर ताळ्यावर आलं. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी चांगली आली म्हणून सांगितलं, पण दाखवायला येत राहा म्हणाले. खाट शेतातून घरी आली.

आप्पा पहिल्यांदा ओट्यावर येऊन बसले त्या सकाळी गल्लीत बरीच माणसं या ना त्या कामानं घुटमळत होती. बघायला आलेली, दुसरं काय. कौतिकही होता. तो पायऱ्यांपासून चार हात लांब उभा राहून म्हणाला, "काय आप्पा, बरं हाये ना? मंग निंघाला का व्हायरस?"

"शोधून राहिले ते," आप्पा म्हणाले. "निंघाला तरी सांगतीन, नाही निंघाला तरी सांगतीन. पण कॅन्सर माणसाचा माणसाले लागत नाही, एवढं मी विचारून आलो."

कौतिक हो हो म्हणाला, पण पाय काही पुढे आले नाहीत. तेवढ्यात मालूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. हातात एकच कपबशी. त्यांनी बशीत चहा ओतला आणि आप्पांपुढे धरला. आप्पांनी अर्धी बशी रिकामी केली आणि बशी खाली ठेवू लागले. मालूबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली, आणि जे त्या उभ्या आयुष्यात चुलीशेजारी दार लोटून करत आल्या होत्या ते त्यांनी ओट्यावर, उजेडात, सगळ्या गल्लीदेखत केलं. उरलेला चहा शांतपणे, शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला. ओठ पुसले. मग कौतिककडे बघून म्हणाल्या, "तुमच्यासाठी आणू का, कौतिकभाऊ?"

कौतिकची मान खाली गेली. तो पायऱ्या चढून आला आणि आप्पांच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला. तंबाखूची पुडी काढली, तशीच परत ठेवली. लोक पांगल्यावर हळूच म्हणाला, "आप्पा, मलेबी घडीघडी उठा लागते. लई दिवसांपासून. घरी सांगितलं नाही."

"बारीकसारीक काहीबी असू शकते," आप्पा म्हणाले. "सगळं पिवळं पान व्हायरस नसते, तुलेच माहीत हाये. पण पान पाह्यलं पाहिजे. उद्या बऱ्हाणपूरले जाऊ. मी येतो संगं."

मालूबाई आतून हे ऐकत होत्या. बाग उपटल्याच्या गोष्टीला आता पुढचा भाग जोडावा लागणार, आणि तो पहिल्यापेक्षा सरस होणार, हे त्यांना तिथेच कळलं. त्या कौतिकचा चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा आप्पा त्यांच्याकडे बघत होते. काहीतरी सांगायचं असावं, तसे.

"भूषणची माय," ते म्हणाले, "घरामांगे, बागेपासून लांब, एक गिलक्याचा वेल लाव. लाव म्हणतो मी."

"लावला कवाचाच," मालूबाई म्हणाल्या. "तुम्ही दवाखान्यात होते तवाच. मांडवावर चढलाबी. आता उपटून दाखवा."